माळ्यावरचे हत्यार भंगारात घालण्याआधी

दसऱ्याच्या तोंडावर घर आवरायला काढले, गोठा पाडून स्लॅब टाकायचे ठरले, किंवा भावाभावांत वाटणी होऊन जुना सोपा उतरवायचा झाला, की माळ्यावरून एखादे तरी पोते खाली येतेच. पोत्यात गंजलेली लोखंडे, दांडा मोडलेल्या वस्तू, कशाचा तरी लाकडी ठोकळा, तेलकट झालेली एखादी काठी. त्यातल्या निम्म्या वस्तू ओळखीच्या निघतात. दोन-चार मात्र अशा असतात की घरातले कोणीच त्यांचे नाव सांगू शकत नाही. "आज्याचं काय तरी हाय," एवढ्यावर विषय संपतो आणि पोते भंगाराच्या गाडीत जाते. लोखंड किलोवर मोजले जाते. लाकूड चुलीत किंवा बंबात जाते.

खंडेनवमीला आपण ट्रॅक्टरला हार घालतो, कोयत्या-विळ्याला कुंकू लावतो. ज्या हत्यारांनी आपल्या आजोबांची कुरी, कुळव आणि गाडी घडवली, त्यांची मात्र ओळखसुद्धा आता राहिलेली नाही. लाकडी चाकाची गाडी गेली आणि टायरची आली. मोट गेली आणि विजेचा पंप आला. लाकडी नांगराची जागा आधी लोखंडी नांगराने घेतली, मग ट्रॅक्टरने. गावच्या सुताराचे शेतीतले काम संपले, तसा त्याचा मुलगा फर्निचरकडे, सेंट्रिंगकडे किंवा एमआयडीसीत गेला. हत्यारे मागे राहिली. ती वापरणारी शेवटची पिढी आज सत्तरी-ऐंशीत आहे. ओळख करून घ्यायची असेल तर ती आत्ताच करून घ्यावी लागेल.

विस्तार कामानिमित्त गावोगाव फिरताना लोक अशा वस्तू आणून दाखवतात. पीक प्रात्यक्षिक आटोपल्यावर कोणीतरी हळूच विचारतो, "साहेब, हे कशाचं असंल?" त्या सगळ्यांसाठी ओळखण्याची रीत येथे क्रमाने देत आहे. ही रीत कोणालाही जमेल अशी आहे. त्यासाठी पुस्तक लागत नाही. डोळे, बोटे आणि थोडा धीर लागतो.

आधी घासू नका

वस्तू हातात आली की पहिला मोह होतो तो घासण्याचा. ग्राइंडर, सँडपेपर, चिंच, ॲसिड, यांपैकी काहीही लावू नका. गंजाखाली अक्षरे किंवा शिक्का असू शकतो. लाकडावरचा काळा तेलकट थर म्हणजे वापरणाऱ्याचा हात कुठे पडत होता याची खूण आहे. एकदा घासले की हा पुरावा गेला. कोरड्या ब्रशने माती आणि जाळी-जळमटे झाडा, तेवढे पुरे. मग वस्तू पांढऱ्या कापडावर उजेडात ठेवा. धारेला हात लावताना जपा. पन्नास वर्षे पडून राहिलेली पटाशीसुद्धा बोट कापते. लेकरांना लांब ठेवा.

आणखी एक गोष्ट. पोते उलटे करून ढीग करू नका. एका वस्तूशेजारी दुसरी कोणती होती हे महत्त्वाचे असते. करवतीच्या सोबत सापडलेला ठोकळा आणि दुधाच्या भांड्यांत सापडलेला ठोकळा या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात.

हे सुताराचेच कशावरून?

जुन्या गावगाड्यात कारागीर अनेक आणि हत्यारे दिसायला सारखी. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या पुस्तकात बलुतेदारांची जी मांडणी आहे, तीत सुतार थोरल्या कासेचा, म्हणजे पहिल्या ओळीतला. कारण उघड आहे. त्याच्यावाचून शेत पेरले जात नव्हते. पण माळ्यावरचे प्रत्येक धारदार लोखंड त्याचे नसते. म्हणून आधी वेगळे करून घ्या.

पसरट, पंख्यासारखे पाते आणि आखूड मूठ असेल तर ती चांभाराची रापी असण्याचा संभव मोठा. ती कातडे कापते, लाकूड नाही. बारीक टोकदार सुई आणि गोल मूठ ही आरी. दोन लांब पायांची, तोंड जुळणारी वस्तू म्हणजे लोहाराची सांडशी. लाकडी मूठ मुळीच नसलेला, डोक्यावर घणाचे घाव झेलून फुगलेला लोखंडी तुकडा बहुधा लोहाराची छन्नी असते. बैलाला नाल मारणाऱ्याकडे खूर तासायचे पाते असते, ते पटाशीसारखे दिसते. दोरीला बांधलेला भोवऱ्यासारखा धातूचा गोळा हा ओळंबा. तो गवंडी आणि सुतार दोघांकडेही असतो.

सुताराच्या हत्याराची साधी कसोटी अशी : त्याची धार लाकूड तोडण्यासाठी, तासण्यासाठी, कोरण्यासाठी, भोक पाडण्यासाठी किंवा रेघ मारण्यासाठी असते. या पाच कामांपैकी एकही काम त्या वस्तूने होण्यासारखे नसेल, तर दुसऱ्या कारागिराकडे वळा.

धार काय सांगते?

सगळ्यात जास्त बोलते ती धार. ती तीन प्रकारे पाहा.

पहिले, धार दांड्याच्या रेषेत आहे की आडवी? कुऱ्हाडीची धार दांड्याच्या रेषेत असते. कुदळीसारखी आडवी धार, पण पाते आखूड आणि जाड, असे असेल तर तो वाकस. कुठे त्याला तासणी म्हणतात. बाभळीचा ओंडका तासून त्याची हाळीस किंवा जू काढायचे काम याचे. सुतार जमिनीवर बसून, लाकूड पायाने दाबून वाकस चालवतो.

दुसरे, धारेला उतार एका बाजूने आहे की दोन्ही बाजूंनी? दोन्ही बाजूंनी उतार म्हणजे फोडणारे हत्यार. एका बाजूने उतार आणि दुसरी बाजू सपाट म्हणजे तासणारे किंवा कोरणारे.

तिसरे, पाते रुंद आणि पातळ आहे की अरुंद आणि जाड? रुंद, पातळ पाते ही पटाशी. ती हलक्या हाताने साल काढल्यासारखे लाकूड काढते. अरुंद पण जाडजूड पाते हे किकरे. त्याने लाकडात खोल चौकोनी घर पाडतात आणि आतला चुरा उचकटून काढतात. उचकटताना मोडू नये म्हणून ते जाड असते. गाडीच्या चाकाच्या तुंब्यात प्रत्येक आऱ्याचा कुसू बसायला घर लागायचे, ते किकऱ्याचे काम. पात्याचा आडवा छेद चंद्रकोरीसारखा असेल तर ती गोल पटाशी, खोबणी काढण्यासाठी.

करवत असेल तर दातांवर बोट ठेवून पाहा, पण हळू. आपल्याकडच्या जुन्या करवतीचे दात मुठीकडे झुकलेले असतात, म्हणजे ती ओढताना कापते. विलायती धाटणीच्या करवतीचे दात पुढे झुकलेले असतात, ती ढकलताना कापते. कारण सरळ आहे. आपला सुतार खाली बसून, पायाने लाकूड धरून काम करायचा. त्याला ओढण्यात जोर मिळायचा. तिकडचा सुतार उभा राहून टेबलावर काम करायचा. दातांच्या दिशेवरून करवत कोणत्या रीतीच्या कामासाठी होती हे कळते. करवतीचा इतिहास आपल्या भागात फार जुना आहे. मोहेंजोदडोच्या उत्खननात ब्राँझच्या करवती मिळालेल्या आहेत.

ती तेलकट काठी कशाची?

आता सर्वांत जास्त गोंधळ होणाऱ्या वस्तूकडे येऊ. हात-सव्वा हात लांबीची, मध्यभागी जरा फुगीर किंवा कोरून बारीक केलेली लाकडी काठी, एका टोकाला लोखंडी जीभ. घरातल्या बायका म्हणतात, "रवीचा दांडा असंल." कोणी म्हणतो चरख्याची चाती. कोणी म्हणतो पोरांचे खेळणे. त्यातली लोखंडी जीभ उपटून भंगारात आणि काठी चुलीत, असा तिचा शेवट होतो.

ही वस्तू बहुधा सामता असते, म्हणजे सुताराचे भोक पाडायचे हत्यार. तो एकट्याने पुरा नसतो, म्हणून ओळखता येत नाही. त्याचे तीन भाग. एक ही काठी. दुसरी कमान, म्हणजे धनुष्यासारखी काठी, तिला चामड्याची वादी किंवा दोरी बांधलेली. तिसरी वरची टोपी, लाकडाची किंवा नारळाच्या करवंटीची. वादीचा एक वेढा काठीला द्यायचा, टोपी डाव्या हाताने वरून दाबायची आणि उजव्या हाताने कमान पुढे-मागे ओढायची. ताक घुसळताना रवी जशी आलटून पालटून फिरते, तशी ही काठी फिरते. म्हणून घरातल्यांना रवी आठवते, ते काही अगदीच चुकीचे नाही.

पण रवी नव्हे हे कशावरून ठरवायचे? चार खुणा पाहा. एक, काठीच्या मधल्या भागावर दोरीच्या घर्षणाने गुळगुळीत आडवे वळे पडलेले असतात. रवीलाही दोरी असते, पण रवीच्या खालच्या टोकाला फुलासारखे कातरलेले लाकूड असते, लोखंड नसते. दोन, वरचे टोक निमुळते आणि चकचकीत झालेले असते, कारण ते टोपीत फिरत राहते. तीन, लोखंडी जीभ लाकडात घट्ट ठोकलेली असते आणि फुटू नये म्हणून तिथे बहुधा कडी बसवलेली असते. चौथी खूण सर्वांत पक्की. जिभेचे टोक भाल्यासारखे चपटे असते आणि त्याच्या दोन्ही कडांना धार असते. का? कारण कमान पुढे जाताना काठी एका दिशेने फिरते, मागे येताना उलट दिशेने. दोन्ही वेळी लाकूड खरवडले गेले पाहिजे.

गिरमिटाचे तसे नाही. गिरमिट एकाच दिशेने फिरते, म्हणून त्याच्या टोकाला स्क्रूसारखा पीळ असतो. पीळ दिसला की गिरमिट, चपटे दुधारी टोक दिसले की सामता. एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ काठ्या चुलीत जायच्या वाचतील.

या सामत्याचे शेतीशी नाते फार जवळचे आहे. आपल्या कुरीचा फण आठवा. चाड्यात टाकलेले बी नळ्यातून उतरून फणाच्या आतल्या भोकातून जमिनीत पडते. हे भोक कठीण लाकडात, तिरके आणि आरपार पाडावे लागे. ते जरा चुकले तर बी अडकणार किंवा ओळ रिकामी जाणार. वापशावर पेरणीला दोन-चार दिवसच मिळतात. त्या दिवसांत कुरी अडली तर अख्खा हंगाम गेला. सुताराला बलुते मिळायचे ते या भरवशाचे.

ठोकळे : रंधा आणि खतावणी

मधोमध तिरकी खाच असलेला लाकडी ठोकळा हा रंधा. त्यातले पाते आणि पाचर हरवलेली असली तरी खाच ओळख पटवते. ठोकळा उलटा करून तळ पाहा. तळ सपाट असेल तर साधा रंधा. तळाला गोल फुगवटा किंवा खोबणी असेल तर तो नक्षीचा, गोला-गलत्याचा रंधा. त्याच्या तळाचा ठसा मऊ ओल्या चिकणमातीवर घेऊन पाहा आणि तो ठसा घराच्या जुन्या चौकटीशी, खांबाशी, देव्हाऱ्याशी ताडून पाहा. आकार जुळला तर तुमच्या घराची चौकट याच हत्याराने झाली असण्याचा संभव आहे. मातीचा ठसा घेण्याआधी लाकडाला पातळ प्लॅस्टिकचा कागद लावा, नाहीतर ओल लागेल. पुढच्या टोकाला आडवा दांडा किंवा दोरीसाठी भोक असलेला लांबलचक रंधा मिळाला तर तो दोघांनी चालवायचा. एक मागून ढकलतो, दुसरा समोरून ओढतो.

दुसरा फसवा ठोकळा लहान असतो. मुठीत मावणारा, मधून एक चौकोनी दांडी आरपार गेलेली, दांडीच्या टोकाला खिळ्यासारखे टोक. ही खतावणी. लाकडाच्या कडेशी ठोकळा टेकवून ओढली की कडेला समांतर रेघ उमटते. दांडी सरकवून अंतर कमी-जास्त करता येते. धार नाही, वजन नाही, म्हणून लोक ती खुंटी समजून टाकून देतात. दांडीवर सरकण्याचे वळ आणि टोकाचा बारीक खिळा पाहिला की शंका उरत नाही.

सोबत एखादी पट्टी मिळाली तर तिच्यावरच्या खुणा मोजा. २४ भाग असतील तर तो गज असू शकतो, कारण गजाचे २४ तसू. जुने सुतार आजही इंचाच्या आठव्या भागाला सूत म्हणतात. आपल्या देशात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला आणि १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने लागू झाली. तेव्हा सेंटिमीटर दिसले तर पट्टी त्यानंतरची असण्याचा संभव अधिक.

नुसत्या खाचा असलेली, आकडे नसलेली काठी मिळाली तर ती विशेष जपा. फणातले अंतर, जूची लांबी, चाकाचा घेर अशा ठरलेल्या मापांची ती काठी असू शकते. खाचांमधले अंतर मोजा. आज आपण रब्बी ज्वारीला ४५ सेंटिमीटर, भुईमुगाला ३० सेंटिमीटर अंतराची शिफारस करतो. तुमच्या आजोबांची कुरी किती अंतराची होती, हे ती काठी सांगू शकेल.

लोखंड कुठले? गावचे की विलायती?

गावच्या लोहाराने घडवलेल्या हत्यारावर घणाचे पुसट ठसे असतात, कडा थोड्या कमी-जास्त असतात. पुष्कळदा पाते मऊ लोखंडाचे असते आणि धारेपुरता पोलादाचा पत्रा तापवून, ठोकून जोडलेला असतो. धारेच्या बाजूने निरखून पाहिले तर हा जोड रेघेसारखा दिसतो. लोहार एवढ्याच भागाला पाणी द्यायचा. हा जोड दिसला तर हत्यार हाताने घडवलेले असण्याचा संभव आहे.

कारखान्याचा माल असेल तर शिक्का शोधा. तिरक्या उजेडात धरले की अक्षरे उठतात. इंग्लंडमधील शेफील्ड या गावाचे नाव पुष्कळ जुन्या पटाश्यांवर आणि करवतींवर मिळते. त्यासोबत 'कास्ट स्टील' असे इंग्रजी शब्द असतील तर ते मुशीत वितळवून केलेले पोलाद. ही रीत शेफील्डच्या बेंजामिन हंट्समन याने १७४० च्या दशकात बसवली आणि एकोणिसाव्या शतकात असा माल जगभर गेला. लोखंडी अंगाचा रंधा मिळाला आणि त्यावर 'स्टॅनले' असेल तर तो अमेरिकी धाटणीचा. त्या कंपनीने अशा रंध्यांचे बेली यांचे पेटंट १८६९ मध्ये घेतले. 'रेकॉर्ड' नावाचे शेफील्डचे रंधे १९३१ पासूनचे. नावावरून नेमके साल कळत नाही, पण त्याच्या आधीची वस्तू नाही एवढे ठरते.

आपल्या भागात आणखी एक शिक्का सापडू शकतो, तो रेल्वेचा. मिरज–कोल्हापूर रेल्वे १८९१ मध्ये सुरू झाली. पुढे १९०८ मध्ये मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे अस्तित्वात आली आणि १९५१ मध्ये ती दक्षिण रेल्वेत विलीन झाली. तेव्हा हत्यारावर या कंपनीची आद्याक्षरे असतील तर ते १९०८ ते १९५१ या काळातले रेल्वेचे हत्यार समजायला हरकत नाही. नुसत्या बाणाच्या टोकाची खूण असेल तर ती ब्रिटिश सरकारी मालाची. लिलावात निघालेला असा माल खेड्यापाड्यांतून पोहोचत असे.

शिक्का नाही म्हणून वस्तू कमी मोलाची समजू नका. शेफील्डची पटाशी जगात हजारोंनी आहे. तुमच्या गावच्या लोहाराने तुमच्या गावच्या सुतारासाठी केलेला सामता दुसरीकडे मिळणार नाही.

विचारायचे कोणाला आणि कसे?

एवढे पाहूनही उलगडा झाला नाही तर गावातल्या किंवा शेजारगावच्या वयस्कर सुताराकडे जा. जाताना वस्तू बरोबर न्या, मोबाईलवरचा फोटो दाखवू नका. आणि "ह्याला काय म्हणतात?" असे पहिल्यांदा विचारू नका. वस्तू त्यांच्या हातात द्या आणि गप्प बसा. ज्या माणसाने चाळीस वर्षे काम केले, त्याचा हात ती वस्तू आपोआप नीट धरतो. मूठ कशी धरली, अंगठा कुठे टेकला, हे पाहा. नाव विसरले तरी हात विसरत नाही. मग विचारा, "आण्णा, ह्यानं काय करत होतासा?" नाव मागाहून येते.

नावाबाबत एक सावधगिरी. दर दहा कोसांवर नाव बदलते. शिरोळ-गडहिंग्लजकडे कानडी शब्द मिसळतात, चंदगडकडे कोकणी वळण येते, शाहूवाडी-गगनबावड्यात आणखी वेगळे. एकाच हत्याराला तीन नावे मिळाली तर भांडू नका. तिन्ही लिहा, कोणत्या गावात कोणते ते लिहा. जुन्या शब्दांसाठी मोल्सवर्थचा मराठी कोश उपयोगी पडतो. त्याची पहिली आवृत्ती १८३१ ची, दुसरी १८५७ ची. सुताराच्या आणि शेतीच्या हत्यारांचे कितीतरी शब्द त्यात आहेत.

करवीर तालुक्यात कणेरी मठावरचे सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. तिथे बारा बलुतेदारांची कामे पुतळ्यांच्या रूपाने उभी केली आहेत. पुढच्या वेळी जाल तेव्हा पुतळ्याच्या चेहऱ्यापेक्षा हाताकडे बघा. हत्यार कसे धरले आहे, पाय कुठे आहे, हे पाहून घरच्या वस्तूचा उलगडा होऊ शकतो.

सरपंच आणि गाव अधिकाऱ्यांसाठी

माळ्यावर मिळालेले हत्यार हे त्या घराचे. पण शेत नांगरताना, विहीर खणताना किंवा पाया काढताना जमिनीतून काही मोलाची वस्तू निघाली तर गोष्ट वेगळी. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेली दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे सापडणाऱ्यावर बंधनकारक आहे. तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी) आणि पोलीस पाटील यांनी लोकांना भीती न घालता हे समजावून सांगावे. जमिनीतली वस्तू जागेवरून हलवण्याआधी फोटो आणि खोली यांची नोंद झाली तर तिचे मोल राहते. कोल्हापुरातल्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ मध्ये उत्खनन झाले आणि तिथल्या वस्तू आज टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहेत. कोणत्या थरात काय मिळाले ते लिहून ठेवले, म्हणून त्यांचा काळ सांगता आला.

१९७२ च्या पुरावशेष व कलानिधी कायद्यात शंभर वर्षांहून जुन्या, कारागिरीचे दर्शन घडवणाऱ्या वस्तूही पुरावशेष धरल्या आहेत. अशा वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. शहरातून 'अँटिक' घेणारे व्यापारी गावात फिरतात. सौदा करण्याआधी वस्तू काय आहे आणि किती जुनी आहे हे तरी माहीत करून घ्यावे. न ओळखलेली वस्तू विकणे म्हणजे सातबारा न बघता जमीन विकणे.

केंद्र सरकारची पीएम विश्वकर्मा योजना सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झाली. तीत १८ व्यवसाय आहेत, सुतारकाम त्यात आहे, आणि हत्यारांच्या संचासाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे. नवी विजेची हत्यारे घरात येणे ही चांगली गोष्ट आहे. पण नवा संच आला की जुना पोत्यात जातो. अर्ज भरून घेताना ग्रामपंचायतीने एवढेच विचारावे : "जुनी हत्यारे हायत का? फोटो काढून ठेवूया का?" वस्तू त्यांच्याच घरी राहू द्यावी, फक्त नोंद करावी. ज्यांच्या घरची हत्यारे आहेत त्यांना विचारल्याशिवाय ती शाळेत किंवा चावडीत आणू नयेत. ती त्यांच्या वाडवडिलांच्या हाताखालची आहेत.

हे काम बाहेरच्या देशांतही एखाद्या माणसाच्या ध्यानात आले म्हणूनच झाले आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात हेन्री मर्सर नावाचे पुरातत्त्वाचे अभ्यासक होते. १८९७ मध्ये जुन्या सामानाच्या ढिगात त्यांना टाकून दिलेली हत्यारे दिसली. यंत्रे आली आणि ही हत्यारे निकामी झाली, पण देश उभा राहिला तो यांच्यावर, हे त्यांनी ओळखले. त्यांनी ती हजारोंनी गोळा केली, १९१६ मध्ये त्यांचे संग्रहालय उभे केले आणि १९२९ मध्ये सुतारांच्या जुन्या हत्यारांवर पुस्तक काढले. सुरुवात झाली ती भंगारापासूनच.

नोंद अशी करा

शाळेच्या वहीचे एक पान एका वस्तूला द्या. त्यावर लिहा : वस्तू कोणत्या घरात, कुठे आणि कशाच्या सोबत मिळाली, लांबी, रुंदी आणि वजन, लाकूड कोणते (बाभूळ, साग, खैर, जे ओळखता येईल ते), धार एका बाजूची की दोन्ही, झीज कुठे आहे, शिक्का असल्यास त्याची हुबेहूब नक्कल, नाव काय सांगितले, कोणी आणि कोणत्या गावात, काय काम करायचे. पट्टी शेजारी ठेवून चारही बाजूंनी फोटो काढा. जे कळले नाही तिथे जागा कोरी सोडा, अंदाजाने भरू नका. पुढे कोणीतरी ती भरेल.

जपणुकीसाठी फार खर्च नाही. लोखंडावर मशीनचे पातळ तेल फडक्याने लावून जादाचे पुसून काढा. लाकडाला जवसाच्या तेलाचा हलका हात द्या. भर उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नका, लाकूड तडकते. जमिनीवर ठेवू नका, वाळवी लागते. भुंग्याची बारीक भोके आणि ताजा भुसा दिसला तर ती वस्तू बाकीच्यांपासून वेगळी ठेवा. सैल झालेला दांडा खिळा मारून बसवू नका, सुतळीने बांधून ठेवा.

आपण माती परीक्षणासाठी शेताच्या कोपऱ्या-कोपऱ्यांतून मूठमूठ माती घेतो, कारण तिच्यात जमिनीची कुंडली असते. या हत्यारांचेही तसेच आहे. आपली शेती बैलाच्या खांद्यावर कशी उभी राहिली, याची कुंडली त्या पोत्यात आहे. यंदा खंडेनवमीला माळ्यावर चढा, पोते खाली घ्या आणि भंगाराची गाडी दारात येण्याआधी शेजारच्या सुतारआण्णांना चहाला बोलवा.